साडेचारची भूक : शाळेत जाणाऱ्या मुलांच्या खाण्याची घडी कशी बसवावी

शाळा सुटली की मूल घरी येतं, दप्तर टाकतं आणि पाय न धुताच स्वयंपाकघरात शिरतं. घड्याळात साडेचार वाजलेले असतात. त्या घटकेला हाताला जे लागेल ते पोटात जातं. आमच्या घरी बरीच वर्षं ते चहा आणि बेकरीतलं कडक बटर होतं. बेळगावातल्या वडगावच्या आमच्या गल्लीच्या तोंडालाच बेकरी, ताज्या खारीचा वास थेट दारापर्यंत यायचा. माझी थोरली कपभर गोड चहात चार-पाच बटर बुडवून खायची, मग सहाला फरसाण. रात्री साडेआठला ताटावर बसली की दोन घास खाऊन उठायची. मी मात्र सगळ्यांना सांगत सुटलेली, "ही पोरगी जेवतच नाही."

पोरगी जेवत होती. साडेचारला जेवत होती आणि त्या जेवणात मैदा, साखर आणि डालडा होता.

म्हणून मुलांच्या खाण्याबद्दल कोणी नवी आई किंवा नवा बाबा मला विचारतो तेव्हा मी डब्यापासून सुरुवात करत नाही. सकाळी सातला घाईत भरलेला डबा हा सगळ्यांचाच काळजीचा विषय असतो, पण मुलाच्या दिवसभरातली सगळ्यात खरी भूक संध्याकाळी लागते. ती एक वेळ नीट सांभाळली की रात्रीचं जेवण आपोआप जागेवर येतं आणि सकाळी उठल्यावरही मूल खायला मागतं. ज्यांचं पहिलं मूल नुकतंच अंगणवाडीत, बालवाडीत किंवा पहिलीत गेलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यातही गावाकडची आज्जी जवळ नाही, खानापूर किंवा चिकोडी भागातून येऊन बेळगावात खोली केलीय, दोघंही कामाला जातात, अशांसाठी जास्त. वय साधारण तीन ते दहा धरा.

पहिली पायरी : आठ दिवस फक्त लिहा

काहीही बदलू नका. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मूल दिवसभरात काय आणि किती वाजता खातं ते लिहा. दुकानातून आणलेलं पाच रुपयांचं पाकीट लिहा, शेजारच्या काकूंनी दिलेला लाडू लिहा, चहा तर लिहाच. आपण फक्त "जेवण" मोजतो, मधलं मोजत नाही. मी लिहिलं तेव्हा कळलं की आमच्याकडे आठवड्यात अकरा वेळा चहा, नऊ वेळा बेकरीतलं काहीतरी आणि हिरवी पालेभाजी फक्त एकदा. ओरडावं असं कोणी नव्हतं. मी स्वतःच ते हातात देत होते.

आठ दिवसांनी कागद बघताना तीन गोष्टी शोधा. डाळ, कडधान्य, दूध किंवा अंडं दिवसातून किती वेळा आलं? भाजी आणि फळ किती वेळा? आणि जेवणाच्या आधीच्या दीड तासात काय गेलं? कुठे बदल करायचा हे या तिसऱ्या प्रश्नातून कळतं.

दुसरी पायरी : साडेचारचा खाऊ

चहा एका दिवसात बंद करू नका. मूल रडतं, आपण चिडतो आणि चौथ्या दिवशी सगळं पूर्वपदावर येतं. आधी चहाच्या जोडीचं बटर बदला, मग चहात दूध वाढवत वाढवत पावडर कमी करा. आम्हाला महिना लागला.

सगळ्यात सोपा आणि आपल्याच मुलखातला खाऊ म्हणजे जोंधळ्याच्या, म्हणजे ज्वारीच्या, लाह्यांचं पीठ. नागपंचमीच्या आधी बाजारात लाह्यांचे ढीग लागतात तेव्हा जास्त घेऊन ठेवा. एरवी चिरमुरे आणि डाळं विकणाऱ्या भट्टीवाल्याकडे विचारा. लाह्या कढईत मंद आचेवर कुरकुरीत करून मिक्सरला फिरवा आणि पीठ चाळून घ्या. चाळणं चुकवू नका, लाह्यांची टरफलं लहान मुलांच्या घशाला लागतात आणि मग ती पुन्हा त्या वाटीला हात लावत नाहीत. चार चमचे पीठ, वाटीभर ताक, चिमूटभर मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. एवढंच. गोड हवं असेल तर दूध आणि गूळ. घट्ट झाकणाच्या डब्यात पीठ तीन-चार आठवडे राहतं. पाच वर्षांचं मूल हे स्वतः कालवू शकतं, आणि स्वतः कालवलेलं ते खातंच.

दुसरा खाऊ शेंगांचा लाडू. पाव किलो शेंगदाणे आणि 50 ग्रॅम तीळ वेगवेगळे भाजून घ्या, दाण्यांची सालं पाखडा, 150 ग्रॅम चिरलेला गूळ घालून सगळं मिक्सरला थांबत थांबत फिरवा. एकसारखं फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. दाण्यांच्या तेलातच लाडू वळले जातात, तूप लागत नाही. सुपारीपेक्षा जरा मोठे असे साधारण वीस लाडू होतात आणि एकात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. पंचमीला आपण शेंगांचे, तिळाचे, डाळ्याचे असे कितीतरी लाडू करतो आणि मग वर्षभर विसरतो. महिन्यातून दोनदा करा. रोज एक पुरे, सोबत एखादं फळ.

बाकीचं हंगामावर सोडा, तो आपल्या भागात उदार आहे. नवरात्राच्या सुमारास रताळ्यांच्या पोत्यांनी बाजार भरतो. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत रताळी उदंड पिकतात, आणि आपण मात्र ती उपवासापुरती ठेवतो. कुकरला दोन शिट्ट्या देऊन सोलून, वर थोडं मीठ आणि लिंबू घालून द्या. चूल असेल तर निखाऱ्यात भाजा, त्या चवीला जोड नाही. एक लक्षात ठेवा, पांढऱ्या गराच्या रताळ्यात अ जीवनसत्त्व फारसं नसतं. ते केशरी गरात असतं. त्यामुळे रताळं हा पोटभरीचा चांगला खाऊ आहे, पण गाजर, लाल भोपळा आणि पालेभाजीची जागा ते घेत नाही. पावसाळ्याच्या शेवटी ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडा. थंडीत हरभऱ्याचे सोलाणे. उन्हाळ्यात खानापूरकडची करवंदं, जांभळं, फणसाचे गरे. अथणीच्या बाजूला द्राक्षं. पेरू दिसला की घ्याच, त्याच्याबद्दल पुढे सांगते.

चिरमुऱ्यांबद्दल लोक विचारतात. नुसते चिरमुरे म्हणजे हवा भरलेला तांदूळ, तासाभरात परत भूक लागते. त्यात मूठभर डाळं, शेंगदाणे, बारीक चिरलेला कांदा-टोमॅटो आणि कोथिंबीर घातली की तो खाऊ होतो.

कुंदा आणि गोकाकचं करदंट या आपल्या भागातल्या मिठायांचा मला अभिमान आहे. पाहुणे आले, सण आला की मुलांना पोटभर द्यावं. पण सणाची गोष्ट सणालाच राहू द्या. करदंटात डिंक आणि सुका मेवा असतो म्हणून ते रोज द्यावं असं काहीजणी सांगतात. त्यात गूळही भरपूर असतो, हे विसरू नका.

चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देऊ नका. श्वासनलिकेत अडकतात. दाणे कुटून, द्राक्षं उभी चिरून द्या, आणि मूल बसून खात असेल तेव्हाच द्या. पळता पळता खाऊ नये हा आज्जीचा नियम जीव वाचवणारा आहे.

तिसरी पायरी : ताट

आपल्या एका जिल्ह्यात दोन मुलूख आहेत. खानापूरच्या पावसाळी पट्ट्यात भात आणि नाचणी, चिकोडी-अथणीकडे जोंधळा आणि बाजरी. बेळगावच्या घरात बहुधा दोन्ही. मूल भाकरी खातं की भात, यावरून घरात वाद नको. भाताबरोबर किंवा भाकरीबरोबर डाळीचं काय येतं, हे पाहायचं. धान्याच्या प्रथिनांत जे उणं असतं ते डाळी-कडधान्यांत असतं आणि डाळीत जे उणं ते धान्यात, म्हणून दोन्ही एकाच दिवसात पोटात गेली की काम होतं.

इथे आपलं नशीब चांगलं आहे. येळ्ळूर-शहापूर शिवारात भात निघाला की त्याच ओलीवर मसूर येतो. शंभर ग्रॅम मसुरात 22 ते 24 ग्रॅम प्रथिनं, शिवाय लोह. अख्खा मसूर चार-पाच तास भिजवा, कांदा-लसणाची फोडणी, एक टोमॅटो, आणि मुलांच्या वाटणीचं आधी काढून घेऊन मगच तिखट घाला. मला हा एकच बदल पुरला. मुलं "तिखट आहे" म्हणून जे टाकतात त्यातलं निम्मं खरंच तिखट असतं. आपल्या भागातला झणका मोठ्यांना आवडतो, चार वर्षांच्या जिभेला तो सोसत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2020 च्या शिफारशींनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 16 ग्रॅम आणि सात ते नऊ वर्षांच्या मुलाला 23 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर दुधात पाचच्या आसपास, वाटीभर घट्ट उसळीत सहा-सात. हिशोब तुम्हीच करा. दुकानात मिळणाऱ्या, दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींची निरोगी मुलाला गरज नाही. त्यांच्या डब्यावर मागच्या बाजूला साखर किती ते वाचा आणि ते पैसे अंड्यांना लावा.

नाचणीचं मोल आज्जीला माहीत होतं, आता आकड्यांतही आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 364 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि चार ते सहा वर्षांच्या मुलाची रोजची गरज 550. आंबील करायची तर दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ पाव वाटी पाण्यात रात्री कालवून ठेवा. सकाळी दीड वाटी उकळत्या पाण्यात ते सोडून सतत ढवळत पाच-सात मिनिटं शिजवा. निवलं की ताक, मीठ, ठेचलेली लसणाची पाकळी. घाईच्या सकाळी पेलाभर आंबील पिऊन मूल शाळेला गेलं तर उपाशी गेलं असं मनाला लावून घेऊ नका. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्यांसाठी एवढं सांगते की इथल्या दुकानात नाचणी म्हटलं तर कधी कधी कोणी ओळखत नाही. "रागी हिट्टू" म्हणा, लगेच मिळतं. जोंधळ्याचं पीठ हवं तर "जोळद हिट्टू".

भाजीसाठी एक युक्ती कन्नड शेजारणीकडून शिकले, ती मुटगी. जोंधळ्याची जराशी जाड भाकरी तव्यावरून काढल्या काढल्या, गरम असतानाच, लसूण-जिरं-मीठ आणि तेल किंवा तूप घालून कुटायची आणि मुठीत दाबून गोळे करायचे. मोठ्यांच्या मुटगीत मिरची असते. मुलांच्या मुटगीत मी मिरचीऐवजी परतलेली मेथी किंवा शेपू घालते. ज्या मुलाने शेपूच्या भाजीकडे आयुष्यात बघितलं नव्हतं त्याने तीन गोळे खाल्ले. गरम असतानाच कुटा, गार भाकरीचा भुगा होतो.

चौथी पायरी : डबा

डबा परत आला की आपण पदार्थाला दोष देतो. माझ्या धाकट्याचा डबा पहिलीत सलग दोन आठवडे भरलेला परत येत होता. मी पदार्थ बदलत राहिले. शेवटी त्यालाच विचारलं तर म्हणाला, "आई, झाकण उघडत नाही." स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, सहा वर्षांची बोटं. वर्गातल्या कोणाला सांगायला लाज वाटत होती. दोन आठवडे ते लेकरू उपाशी बसलं होतं. म्हणून डबा घेताना दुकानातच मुलाच्या हातात द्या आणि त्याला उघडायला लावा. पाण्याची बाटलीही तशीच.

दुसरी अडचण वेळेची. छोटी सुट्टी दहा-पंधरा मिनिटांची, त्यात हात धुवायचे, खेळायचंही असतं. म्हणून छोट्या सुट्टीचा डबा आठ-दहा घासांत संपेल एवढाच. भाजी-पोळी वेगळी देण्यापेक्षा गुंडाळून द्या. रस गळणारं काही नको, वही भिजली की मूल डबाच उघडत नाही.

आमच्याकडे चालतात ते पदार्थ असे. आप्पे, ज्यांना काही घरांत पड्डू म्हणतात. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी नाचणी, एक वाटी उडीदडाळ, चमचाभर मेथ्या. पाच-सहा तास भिजवून वाटा आणि रात्रभर आंबू द्या. आपल्या पावसाळ्यात, आणि खानापूरकडे तर फारच, पीठ लवकर फुगत नाही. मग भांडं चुलीजवळ किंवा कोमट पाण्याच्या परातीत ठेवा. सकाळी किसलेलं गाजर, कांदा, कोथिंबीर घालून आप्पेपात्रात सोडा. आंबवल्याने धान्यातलं लोह शरीराला जास्त मिळतं, हा वरचा फायदा. मग मुगाचं धिरडं, त्यात पालक वाटून घातला की हिरवं होतं आणि मुलांना त्याची गंमत वाटते. थालीपीठ, सोबत शेंगा चटणी दह्यात कालवून. उप्पीट द्यायचं तर त्यात वाटाणा, गाजर आणि शेंगदाणे एवढे घाला की रव्यापेक्षा तेच जास्त दिसतील. उकडलेलं अंडं द्यायचं असेल तर सोलून, चार तुकडे करून, मीठ-मिरपूड लावून द्या. वर्गात अंडं सोलत बसणं मुलांना नको वाटतं.

आठवड्याचा तक्ता करून भिंतीवर लावायची हौस मला सुरुवातीला होती. तो तक्ता बुधवारी मोडायचा. आता फक्त रविवारी तीन गोष्टी तयार ठेवते : आंबवलेल्या पिठाचं एक भांडं, मोड आलेलं एक कडधान्य आणि लाडू किंवा लाह्यांचं पीठ. एवढं घरात असलं की गुरुवारपर्यंत अडत नाही.

पाचवी पायरी : शाळेतलं जेवण

कर्नाटकातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत दुपारचं गरम जेवण मिळतं, कागदावर त्याचं नाव अक्षर दासोह, मुलांच्या तोंडी बिसीऊट. मराठी माध्यमाच्या शाळांतही तेच. काही पालकांना वाटतं की आपलं मूल ते खाईल तर लोक काय म्हणतील. असं मनात आणू नका. ठरलेल्या प्रमाणाप्रमाणे पाचवीपर्यंतच्या मुलाला दर दिवशी 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी, सहावी ते आठवीला 150, 30 आणि 75 ग्रॅम. क्षीरभाग्य योजनेत 2013 पासून दूध मिळतं, 2024 पासून आठवड्यातले काही दिवस त्यात नाचणीचं मिश्रण असतं. अंडं मिळतं, न खाणाऱ्याला केळं. हा मुलाचा हक्क आहे.

पालकांनी काय करावं? मुलाला रोज विचारा, "आज बिसीऊटला काय होतं? भात परत घेतलास का?" तिथे भात-सांबार झालं असेल तर घरी संध्याकाळी भाकरी आणि पालेभाजी. तिथे अंडं झालं तर घरी फळावर भर. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीच्या, बैठकीला जा, स्वयंपाकघर बघा, पिण्याचं पाणी कुठून येतं ते बघा. त्याच बैठकीत फाटकाबाहेरच्या गाड्यांचा विषय काढता येतो. अन्न सुरक्षेच्या 2020 च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकायला बंदी आहे. गाडीवाल्याशी भांडू नका, त्याचंही पोट त्यावर आहे. उकडलेल्या शेंगा, काकडी, पेरू विकलेस तर आम्हीच मुलांना पैसे देऊन पाठवतो, असं सांगून बघा.

रेशनच्या तांदळात कधी वेगळे, जरा पिवळसर दाणे दिसतात. प्लास्टिकचा तांदूळ म्हणून बायका ते वेचून टाकतात. ते लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-12 घातलेले दाणे असतात, शंभर दाण्यांमागे एक असे मिसळलेले. टाकू नका. घरात कोणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून खा.

सहावी पायरी : रक्त

हा भाग नीट वाचा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांखालच्या मुलांपैकी 67.1 टक्के मुलांत रक्त कमी आढळलं. दहातली जवळजवळ सात. अशी मुलं आजारी दिसत नाहीत. लवकर दमतात, चिडचिड करतात, भूक मंदावते, अभ्यासात लक्ष लागत नाही. काही माती, खडू, भिंतीचा चुना खातात. माती खाणाऱ्या मुलाला मारू नका, त्याचं रक्त तपासा.

चार ते सहा वर्षांत रोज 11 मिलिग्रॅम आणि सात ते नऊ वर्षांत 15 मिलिग्रॅम लोह लागतं. ते मसूर, हरभरा, मटकी, बाजरी, तीळ, पालेभाज्या, अंडं आणि मटणात असतं. मटण आणि मासळीतलं लोह अंगी लवकर लागतं. शाकाहारी जेवणातलं लागायला आंबटाची सोबत हवी. म्हणून उसळीवर लिंबू, भाकरीबरोबर कच्चा टोमॅटो, जेवणानंतर पेरूची फोड किंवा आवळा. पेरूबद्दल मघाशी म्हटलं ते यासाठी, त्यात क जीवनसत्त्व संत्र्याहूनही बरंच जास्त असतं. आणि चहा याच्या नेमका उलट वागतो. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा जेवणातलं लोह अडवतो. साडेचारच्या चहावर माझा राग होता तो यासाठीही. अंबाडीची भाजी, जिला कन्नडमध्ये पुंडी म्हणतात, स्वतःच आंबट असते. मसूरडाळीत शिजवून, जोंधळ्याच्या कण्या घालून केलीत तर एकाच वाटीत सगळं येतं. आंबट भाजी लोखंडी कढईत शिजवली तर कढईतलंही थोडं लोह उतरतं. शिजल्यावर मात्र लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

जंत असतील तर घातलेलं सगळं वाया जातं. अंगणवाडीत आणि शाळेत जंताची गोळी मिळते त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. शेतात, अंगणात अनवाणी फिरणाऱ्या मुलांना चप्पल, आणि जेवणाआधी साबणाने हात.

अडलं तर

नवी भाजी मूल पहिल्यांदा थुंकतं. दुसऱ्यांदाही. आठ-दहा वेळा समोर आली की बरीच मुलं चाखतात, म्हणून चमचाभर वाढा, खाल्लं नाही तर काही न बोलता उचला, चार दिवसांनी परत वाढा. मोबाइल दाखवून भरवू नका. मूल गिळतं, पण पोट भरल्याचं त्याला कळत नाही. आणि आपण स्वतः ताटात भाजी घ्या. माझ्या घरी कारलं तेव्हाच खाल्लं गेलं जेव्हा यांनी नाक मुरडणं सोडलं.

ताप-जुलाबात खाणं बंद करू नका. पेज, ताकभात, केळं, थोडं थोडं आणि वारंवार. जुलाबात ओआरएस. बरं झाल्यावर दोन आठवडे दिवसातून एकदा जास्तीचं खायला द्या, तेव्हाच गेलेलं वजन भरून येतं.

घरचे उपाय कुठे थांबवायचे तेही सांगते. वजन दोन-तीन महिने वाढलं नाही, पायाला सूज आली, डोळ्यांच्या आतली कड पांढरी पडली, संध्याकाळी अंधार पडला की मूल चाचपडू लागलं, तर लाडू वळत बसू नका, डॉक्टरकडे न्या. पाच वर्षांखालच्या मुलाचा दंडघेर अंगणवाडीताई पट्टीने मोजतात. तो 12.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर लगेच उपचार सुरू व्हायला हवेत, 11.5 पेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण. सरकारी रुग्णालयांत पोषण पुनर्वसन केंद्रं असतात. तिथे जाण्यात कसलाही कमीपणा नाही.

पहिल्या बाजाराला जाताना पिशवीत काय आणायचं असं विचाराल तर : अर्धा किलो अख्खा मसूर, अर्धा किलो नाचणी, पाव किलो शेंगदाणे, थोडे तीळ, गुळाची छोटी ढेप, लाह्या मिळाल्या तर लाह्या, दोन जुड्या पालेभाजी, लिंबं, पेरू, डझनभर अंडी. मुलाला बरोबर न्या आणि पेरू त्यालाच निवडू द्या. परत येताना बेकरीवरून येऊ नका, दुसऱ्या गल्लीने या.